पाच खिशांचा तंबू

तंबू गाडीतून खाली उतरवायला तिघं लागले, आणि सहलीची अर्धी मजा तिथेच संपली.

"नाना, यात आम्हाला झोपवायचंय की पुरायचंय?" भाऊने विचारलं. घाम डोळ्यांत जात होता आणि दोन्ही हात कापडाच्या गठ्ठ्याखाली अडकले होते.

"टोक ओढू नकोस," नाना म्हणाले. "शिवण उसवेल."

"ही शिवण? माझ्या नातवंडांना उसवायला बसवलं तरी ही उसवायची नाही."

तळ्याकाठच्या त्या मैदानात आणखी सहा-सात कुटुंबं उतरली होती. त्यांचे तंबू रंगीत आणि फुलपाखरासारखे हलके. शेजारच्या जोडप्याने तर आपला तंबू पिशवीतून काढला, हवेत भिरकावला, आणि तो उभाच खाली आला. नानांनी एकदा तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. चाळीस वर्षं ट्रकांची आच्छादनं आणि बोटींची झाकणं शिवलेल्या माणसाला ते कापड कापडच वाटत नव्हतं.

तयार तंबू विकत आणू, असं भाऊ महिन्यापूर्वी म्हणाला होता. मुलांची पहिलीच रात्र घराबाहेरची, उगाच व्याप नको. दुसऱ्या दिवशी नाना आपल्या शिवणकामाच्या कारखान्यात गेले, गोदामातून जाड हिरव्या कापडाचा गठ्ठा काढला, आणि आई गेल्यानंतरच्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा मशीनवर बसले. मग तयार तंबूचं नाव काढायची कुणाची छाती होती? भाऊने तर मशीनला तेलसुद्धा स्वतःच्या हातांनी घातलं.

ताई लोखंडी नळ्या धरून बाजूला उभी होती. आठ महिन्यांपूर्वी संसार आवरून दोन बॅगा घेऊन ती माहेरी परतली, तेव्हापासून ती बहुतेक ठिकाणी अशीच उभी असायची: हातात काहीतरी धरून, जरा बाजूला. घरात तिला कुणी काही बोललं नव्हतं. कधी जाणार, असं कुणी विचारलं नव्हतं, आणि राहा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. रात्री ती बाहेरच्या खोलीत घडीची खाट उघडायची आणि सकाळी सगळे उठायच्या आत घडी करून दाराआड ठेवायची. आठ महिन्यांत एक दिवसही ती खाट कुणाला उघडी दिसली नव्हती, आणि याचा तिला थोडा अभिमानसुद्धा होता.

तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. ती ज्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायची, तिची नवी शाखा सहा तासांवरच्या गावात निघत होती. जाल का, शाखेच्या वरच राहायला एक खोली मिळेल, सोमवारपर्यंत कळवा. पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. तिने ते कुणाला दाखवलं नव्हतं.

तसं पाहिलं तर जायचा निर्णय पत्र येण्याच्याही आधी, तीन आठवड्यांपूर्वीच झाला होता. झोपण्यासाठी काही शिवायचं असलं की नाना उभ्या माणसाचं माप घेत नाहीत. उभा माणूस खोटं बोलतो, पोट आत ओढतो, खांदे ताणतो, असं त्यांचं म्हणणं. ते माणसाला कारखान्याच्या फरशीवर आडवं व्हायला सांगतात, जरा वेळ तसंच पडू देतात, आणि अंग सैल पडलं की खडूने भोवती रेघ ओढतात. वळकट्या शिवून घ्यायला आलेले मिशाळ ट्रक ड्रायव्हरसुद्धा त्या फरशीवर लाजत लाजत आडवे झालेले ताईने लहानपणी पाहिले होते. त्या रविवारी प्रयोगशाळेतली पाळी संपवून ती नानांना घरी बोलवायला कारखान्यात गेली, तर फरशीवर चार आकृत्या होत्या. एक भाऊची, एक हात डोक्याखाली घेतलेली. एक त्याच्या बायकोची, नीट सरळ. दोन छोट्या, त्यातली एक पार वेडीवाकडी, कारण गोटू चार वर्षांचा होता आणि झोपेतसुद्धा स्वस्थ पडत नसे.

"कसं वाटतंय?" नानांनी खडूची भुकटी झटकत विचारलं होतं.

"छान."

ती पर्स खांद्याला लावून जरा वेळ थांबली. 'आडवी हो,' असं नाना म्हणाले नाहीत. मग ती म्हणाली, "चला, जेवायला," आणि पुढे चालू लागली.

आता तंबू उभा राहिला. खुंट्या ठोकून, दोर ताणून, भाऊच्या अंगठ्यावर एकदा हातोडी पडून, दीड तासाने उभा राहिला. आणि एकदा उभा राहिल्यावर असा राहिला की शेजारच्या जोडप्याने येऊन त्यावर हात फिरवून पाहिला. मुलं आत घुसली. त्यांच्यामागून ताई वाकून आत गेली. आत हिरवा उजेड होता आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास, तिच्या सबंध लहानपणाचा वास. जमिनीच्या कापडाला लांबलचक पट्टे जोडले होते, प्रत्येक पट्टा म्हणजे एकाची जागा. उशाशी, भिंतीला, प्रत्येक पट्ट्यापाशी एक खिसा होता. चष्मा, विजेरी, रुमाल ठेवायला.

"आत्या, खिसे!" सात वर्षांची चिंगी ओरडली. "एक, दोन, तीन, चार, पाच!"

ताईने चिंगीच्या आधीच मोजले होते. चार आकृत्या आणि नाना. पाच.

बाहेर भाऊनेही मुलीची मोजणी ऐकली. "नाना, पाचच खिसे? आपण सहा आहोत की."

नाना कोपऱ्यातल्या दोराला गाठ मारत होते. गाठ मारून झाली होती, तरी मारत होते.

"मी गाडीत झोपणारेय," ताई तंबूतून बाहेर येत म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. "मागची सीट आडवी होते. रात्रपाळ्या करून करून मला शेजारी कुणी असलं की झोपच लागत नाही."

"मग झालं तर. बरोबर पाच," भाऊ म्हणाला आणि लाकडं आणायला निघून गेला. भाऊ मनाने वाईट नव्हता. पण हिशेब जुळला की तो कसा जुळला, हे पाहायची त्याला लहानपणापासूनच सवय नव्हती.

नानांनी दोरावरून मान वर केली, ताईकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

*

भाऊची बायको शाळेत भूगोल शिकवायची. भाऊ तिला चिडवायला 'मास्तरीण' म्हणायचा, आणि हळूहळू सगळं घरच म्हणायला लागलं होतं. या सहलीची यादी तिने केली होती. यादीत त्रेसष्ट गोष्टी होत्या आणि आतापर्यंत एकसष्टांवर खूण झाली होती. मीठ राहिलं होतं. दुसरी गोष्ट होती 'गोटूचे जादा मोजे'. ते होते, पण गोटूने एव्हाना ते तळ्यात भिजवले होते, त्यामुळे खूण करावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

नळापाशी बसून ती बटाटे सोलत होती. ताई येऊन समोर बसली, दुसरी सुरी घेतली. डाव्या हाताने सोलणाऱ्या ताईकडे पाहिलं की मास्तरणीला अजूनही उगाच धाकधूक वाटायची. सुई टोचून घ्यायला आलेले लोकही असेच दचकतात, असं ताईनेच एकदा हसत सांगितलं होतं.

पाच खिसे मास्तरणीनेही मोजले होते. नानांनी हे का केलं असेल? तिला एकच कारण सुचत होतं, आणि ते कारण ती स्वतः होती. मार्च महिन्यात ती एकदा जेवताना म्हणाली होती, "मुलांना अभ्यासाला आता वेगळी खोली लागेल." बाहेरच्या खोलीचं नाव तिने घेतलं नव्हतं. घेण्याची गरजही नव्हती, कारण घरात दुसरी खोलीच नव्हती. नानांनी ते ऐकलं असणार. आणि सुनेच्या मनात काय आहे ते ओळखून, काही न बोलता, त्यांनी मुलीला तंबूतून वगळलं असणार. नानांचं सगळं तसंच. बोलायचं नाही, शिवायचं.

"तुला एक सांगायचं होतं," ताई म्हणाली. "अजून कुणाला बोलले नाही."

"काय हो ताई?"

"माझी बदली होतेय. म्हणजे, मी घेतेय. सोमवारी होकार कळवायचाय." मग तिने गावाचं अंतर, वरची खोली, पाळ्यांच्या वेळा, सगळं एका दमात सांगितलं. "तुम्हालाही बरं पडेल. मुलांना खोली होईल."

मास्तरणीच्या हातातलं साल लांबत गेलं. ती शिक्षिका होती. प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडात तयार असायचं. 'अहो, काहीतरीच काय, कुठे जाताय,' हे वाक्य तिच्या जिभेवर होतंही. पण त्या वाक्याच्या आधी तिच्या डोळ्यांसमोर खिडकीजवळ ठेवलेलं मुलांचं टेबल उभं राहिलं, त्यावरचा दिवा, भिंतीवरचा नकाशा. एवढंच. बटाट्याचं साल तुटून पडायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. पण तो गेला, आणि ताई समोर बसून तो जाताना बघत होती.

"कधीपासून?" मास्तरणीने विचारलं.

"एक तारखेपासून."

"नानांना सांगितलंत?"

"सकाळी सांगेन. आज मुलांचा दिवस आहे."

"हो," मास्तरीण म्हणाली. बटाटे पाण्यात टाकताना तिच्या लक्षात आलं की तिने फक्त दोन प्रश्न विचारले होते आणि त्यातला एकही 'का' नव्हता. आतून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाटत होतं याची शरम वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटताना माणसाने तोंड कसं ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं. ती उठली आणि शेजारच्या जोडप्याकडे मीठ मागायला गेली.

*

अंधार पडला तसा गोटू रडायला लागला. "लाइट कुणी घालवले?"

"कुणीच नाही रे. इथे नसतातच," भाऊ म्हणाला.

"मग लावा!"

शेवटी विजेरी त्याच्या खिशात, म्हणजे तंबूच्या खिशात, पेटती ठेवावी लागली. चिंगी आईला चिकटून झोपली. भाऊ आडवा झाल्याबरोबर घोरू लागला. ताईने चादर काखेत मारली, सगळ्यांना 'झोपा आता' म्हटलं आणि तीस पावलांवरच्या गाडीकडे गेली. दार लावल्याचा आवाज आला.

नाना शेवटच्या पट्ट्यावर आडवे झाले, आणि झाल्या झाल्या त्यांना कळलं की आपल्याला इथे झोप लागणार नाही. जागा त्यांची नव्हती. पाय पट्ट्याच्या पुढे टीचभर जात होते. सवयीने चष्मा ठेवायला त्यांनी हात मागे नेला, तर खिसा उलट्या बाजूने उघडत होता. उघडणारच. त्यांनीच तो तसा शिवला होता.

आठवड्यापूर्वी हा पाचवा खिसा टाचताना त्यांच्या लक्षात आलं होतं. भाऊ, सूनबाई, दोन मुलं, ताई. पाच. आणि सुई बोटांतच राहिली होती.

ही त्यांची जुनीच खोड होती. ताटं मांडायला घेतली की एक कमी पडायचं. बसची तिकिटं काढायला गेले की एक कमी. ते सगळ्यांना मोजायचे आणि मोजणारा सुटून जायचा. त्यावरून घरात चाळीस वर्षं हसणं चालायचं. नानांनी आकडा सांगितला की आई स्वयंपाकघरातून, मान वर न करता म्हणायची, "आणि तुम्ही?" मग नाना म्हणायचे, "अरे हो." आणि एक ताट वाढायचं. तिला कधी चीड आली नाही, त्यांना कधी सुधारावंसं वाटलं नाही. सुधारायचं कशाला? ती होती.

त्या दुपारी कारखान्यात ते बराच वेळ सुई धरून बसले होते. कापड उरलं होतं. सहावा पट्टा जोडायला दोन तास पुरले असते. पण 'आणि तुम्ही?' असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न विचारता स्वतःलाच 'अरे हो' म्हणून मशीन चालवायचं त्यांच्या हातून होईना. त्यांनी पाचवा खिसा पुरा केला, दोरा दातांनी तोडला. आपण गाडीत झोपू, एवढं मनाशी ठरवलं. तसंही आई गेल्यापासून पलंगावर त्यांची पाठ टेकत नव्हती. बऱ्याच रात्री ते खुर्चीतच काढत, आणि सकाळी भाऊला वाटायचं, नाना लवकर उठले.

आणि आज त्यांच्या तोंडून 'मी गाडीत' निघायच्या आत ताईच म्हणाली होती. शेजारी कुणी असलं की झोप लागत नाही म्हणे. लहान असताना ही पोरगी त्यांच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपायची नाही. आता बापाने शिवलेल्या तंबूत एक रात्रसुद्धा तिला नको होती. आणि तिचं काय चुकलं? आठ महिने ती खाटेची घडी करतेय हे त्यांना दिसत नव्हतं थोडंच. तिला 'राहा' म्हणून सांगायचं त्यांच्या मनात रोज यायचं. पण घरातली अशी वाक्यं आईच बोलायची. त्यांना बोलायची कधी वेळच आली नव्हती, आणि आता या वयात ती कुठून सुरू करायची असतात ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून तर तो खिसा.

विजेरी विझत आली तसे ते हळूच बाहेर आले. चुलीतल्या निखाऱ्यांशेजारी एक ओंडका होता, त्यावर बसले. गाडीकडे पाहिलं. काचा काळ्या होत्या. झोपली असेल, असं त्यांना वाटलं.

ती झोपली नव्हती. सीट आडवी होत होती पण मध्ये एक दांडा होता, आणि तो नेमका कमरेत येत होता. काचेतून तिला निखाऱ्यांचा लाल ठिपका आणि शेजारी नानांची पाठ दिसत होती. राखण करतायत सगळ्यांची, तिला वाटलं. नेहमीसारखे. तंबूत त्यांची चार माणसं झोपली होती आणि ते दारात बसले होते. तिला एकदा वाटलं की उठावं, जाऊन शेजारी बसावं. पण त्या तंबूच्या दारात आपण कोण म्हणून बसणार, हे तिला ठरवता आलं नाही. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

असे ते दोघं तीस पावलांवर रात्रभर जागे राहिले, आणि मध्ये तंबूत ती जागा रिकामी पडून होती.

*

काचेवर टकटक झाली तेव्हा उजाडलं होतं. चिंगी. एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

"आत्या, तू का नाही आलीस? तुझ्या जागेवर कुणीच नव्हतं. गोटू लोळत लोळत तिथे गेला, मग मी पण गेले."

ताईने काच खाली केली. "ती आजोबांची जागा, राणी."

"नाहीच मुळी. आजोबा तर बाहेर होते. आणि तुझाच खिसा आहे तो, उलटा." चिंगीने दोन्ही हात पुढे केले, कोणता डावा ते जरा आठवून पाहिलं आणि डावा वर केला. "आमचे सगळ्यांचे असे उघडतात. त्या खिशात माझा हातच जाईना. मग मी तुझ्यासारखा घातला, तर गेला."

ताई गाडीतून उतरली. तंबूत गोटू लोळत पुन्हा आपल्या पट्ट्यावर येऊन पालथा झोपला होता आणि मास्तरीण पांघरुणांच्या घड्या करत होती. ताई शेवटच्या पट्ट्यावर आडवी झाली. पाय सरळ केले. टाचांपुढे एक वीत कापड उरलं, नाना नेहमी ठेवतात तेवढं. तिने डावा हात उशाकडे नेला. न बघता, न चाचपता हात खिशात गेला.

तिला उठवेना. मास्तरीण घडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिलाही दिसलं. तीसुद्धा मोजायला शिकलेली बाई होती.

"ताई," ती म्हणाली. "काल मी लगेच म्हणायला हवं होतं."

"काय?"

"जाऊ नका म्हणून." तिचा चेहरा लाल झाला होता. "खोलीचा विचार आला माझ्या मनात. आला, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही गेलात तर त्या खोलीत बसून मुलांचा अभ्यास घेताना मला रोज ते साल आठवेल."

"कसलं साल?"

"बटाट्याचं. असू दे."

ताई बाहेर आली. नाना नळावर किटली घासत होते. कालच घासलेली किटली. भाऊ शेजारी दात घासत उभा होता.

"नाना, ती शेवटची जागा कुणाची?"

"तुझी. दुसऱ्या कुणाची असणार?"

"माझं माप कधी घेतलंत?"

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने वेड्यासारखं काही विचारलं. "तुझं कशाला घ्यायचं? तुझं पाठ आहे मला. वसतिगृहात गेलीस तेव्हाची वळकटी कुणी शिवली होती? त्यानंतर काय उंच झालीस की काय तू?" आणि मग, "सूनबाईचं पाठ नाही म्हणून घ्यावं लागलं. पोरं रोज वाढतात. भाऊ तर रोज रुंद होतोय."

भाऊ तोंडात फेस असताना हसला. ताई हसली नाही.

"मला वाटलं, मी मोजणीत नाहीच."

नानांच्या हातातला काथ्या थांबला.

"फरशीवर चार होते," ती म्हणाली. "खिसे पाच. मला वाटलं, चार ते आणि पाचवे तुम्ही. मी पत्रसुद्धा..." ती थांबली. "मला कुणीतरी सांगायला हवं होतं, नाना. नुसतं शिवून कसं कळणार माणसाला?"

"मला वाटलं, तुलाच आमच्यात झोपायचं नाही," नाना म्हणाले.

नळ गळत होता. भाऊने तो बंद केला. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्याने जुळलेला हिशेब पुन्हा मांडून पाहिला, आणि त्याचा ब्रश तोंडातच राहिला.

"नाना," ताईने विचारलं, "मग तुमची जागा कुठाय?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

"राहिली म्हणजे राहिली." त्यांनी किटलीवर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "पाचवा खिसा लावताना लक्षात आलं. आता घरात कुणी विचारत नाही ना."

काय विचारत नाही, ते त्या दोघांना समजावून सांगायची गरज नव्हती. भाऊने वाकून तोंड धुतलं. एकदा धुतलं, मग पुन्हा धुतलं, आणि तोंडावर पाणी मारत तो बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. चौदा महिन्यांत त्या घरात किती वेळा ताटं मांडली गेली असतील. एकदाही कुणाला ते म्हणायचं सुचलं नव्हतं. नाना आपलं ताट आपण नंतर घेऊन बसायचे, आणि सगळ्यांना वाटायचं, त्यांना उशिरा भूक लागते.

"खडू आहे खिशात?" ताईने विचारलं.

खडू नानांच्या खिशात नसेल असं कधी झालं नव्हतं. तिने तो मागून घेतला. मुलांना बाहेर काढलं, तंबू सोडवायला भाऊला हाक मारली, आणि जमिनीचं कापड उन्हात पसरून घेतलं.

"आडवे व्हा."

"काहीतरीच. चहा व्हायचाय अजून."

"नाना, आडवे व्हा. उभा माणूस खोटं बोलतो."

ते कसनुसे हसले. आजवर त्यांनी शेकडो माणसांना आडवं केलं होतं, पण त्यांना आडवं व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारचं जोडपं बघत होतं, म्हणून ते आणखी संकोचले, अगदी त्या मिशाळ ड्रायव्हरांसारखे. मग चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या आणि कापडाच्या पार डाव्या कडेला आडवे झाले.

"मध्ये सरका. पार काठावर आलात."

"मी असाच झोपतो."

ताई गुडघ्यांवर बसली होती. तिला एकदम दिसलं. चाळीस वर्षं पलंगाच्या एका कडेला झोपलेला माणूस जसा झोपेल तसे ते झोपले होते. उजवा हात अंगाशी आवळून, दुसऱ्या कुणाला अडचण होऊ नये म्हणून. शेजारी एका माणसाची जागा होती.

अंग सैल पडेपर्यंत थांबायचं असतं. ती थांबली. बोलायचं नसतं. ती बोलली नाही. जरा वेळाने नानांचा आवळलेला हात उघडला, तोंड थोडं उघडं पडलं, आणि श्वास लांब झाला. उन्हात, भर मैदानात, सगळ्यांसमोर त्यांना झोप लागली.

ताईने डाव्या हाताने खडू चालवला. डोक्यापासून खांद्यावरून खाली, टाचांच्या पुढे एक वीत सोडून. मग दुसऱ्या बाजूला आली. रेघ नानांच्या हाताला लागून ओढायची होती. तिने ती तिथे ओढली नाही. रिकाम्या जागेच्या पलीकडून ओढली.

तोवर बाकीचं सामान गाडीत गेलं होतं. मास्तरणीच्या यादीवर सगळ्या खुणा झाल्या होत्या, मोज्यांवरसुद्धा. राहिलं होतं फक्त हे कापड.

"उठवायचं का?" भाऊने हळू आवाजात विचारलं.

"नको."

तो खाली बसला आणि खडूच्या रेघांकडे पाहत राहिला. "सहावा पट्टा एवढा रुंद? हे तर दोघांचं माप झालं."

"नानांचं माप तेवढंच आहे," ताई म्हणाली. "सोमवारी कापड काढून ठेव. पाळी संपली की मी येते कारखान्यात."

सोमवार ऐकून मास्तरणीने तिच्याकडे पाहिलं. ताईने पर्समधून ते पत्र काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि नानांच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे धरली. चिंगी पुढे येऊन कापडाच्या रिकाम्या बाजूला बसणार, तोच तिने स्वतःच विचारलं, "इथे बसू की नको?"

"इकडे ये, माझ्याजवळ," ताई म्हणाली.

मग ते पाचही जण त्या रेघेच्या बाहेर बसून राहिले, नाना उठायची वाट बघत.